दसरा काढताना स्वतःचे कपाटही काढावे: मराठवाड्यातील शरद ऋतूसाठी स्त्रियांच्या कपड्यांची तयारी

भाद्रपदाचा वद्य पक्ष सरत आला की मराठवाड्यातील घरांत ‘दसरा काढायचा’ हे शब्द ऐकू येऊ लागतात. दसरा काढणे म्हणजे घटस्थापनेपूर्वी घरातील वाकळा, गोधड्या, सतरंज्या, पांघरुणे आणि सगळ्यांचे कपडे बाहेर काढून धुणे, भिंती झाडणे, फळीवरची भांडी उतरवून घासणे. पूर्वी हे धुणे बैलगाडीतून नदीवर जात असे, आता ते गच्चीवर आणि वॉशिंग मशीनमध्ये होते. मात्र या सगळ्या धुण्यातून घरातल्या बाईचे स्वतःचे कपाट हमखास सुटते. ते पावसाळाभर बंद असते, त्यात काय आहे याचा नीट अंदाज नसतो, आणि मग पहिल्या माळेच्या, म्हणजे घटस्थापनेच्या, आदल्या दिवशी ‘नेसायला काहीच नाही’ असे म्हणत बाजार गाठला जातो. तेव्हा घेतलेले कपडे बहुतेक वेळा महाग तरी पडतात किंवा पुढच्या वर्षी नकोसे तरी होतात. म्हणून या लेखात खरेदी शेवटी ठेवली आहे. आधी कपाट रिकामे करावे, मग कपड्यांना ऊन-वारा द्यावा, त्यानंतर दुरुस्ती करावी, आणि एवढे करून जी उणीव उरेल तेवढीच विकत घ्यावी.

ऋतू आणि तारखा आधी पाहाव्यात

परदेशी मासिकांतील शरद म्हणजे लोकरी कोट आणि गुडघ्यापर्यंतचे बूट. आपला शरद आश्विन-कार्तिकातला, आणि त्याचा स्वभाव दुहेरी आहे. नैर्ऋत्य मोसमी पाऊस मराठवाड्यातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघार घेतो. आभाळ मोकळे होते, जमिनीत ओल असते आणि ऊन चटका देऊ लागते. दुपारी पारा ३२ ते ३४ अंशांच्या आसपास जातो, अंगाला घामाची चिकचिक सुटते, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पहाटे अंगावर चादर ओढावी लागते. कार्तिक संपेपर्यंत दुपारही सौम्य होते आणि मार्गशीर्षात परभणीकडे पारा एक अंकी होऊ लागतो. त्यामुळे या तीन महिन्यांसाठी एकच प्रकारचे कपडे पुरत नाहीत. उकाड्याचे, सणाचे आणि पहाटेच्या गारव्याचे असे तीन वेगळे विचार करावे लागतात.

तारखांचा विचार त्याहून महत्त्वाचा आहे. २०२५ मध्ये घटस्थापना २२ सप्टेंबरला होती. त्या महिन्यात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, नद्यांना पूर आले, आणि अनेक घरांत ऐन नवरात्रात धुणे वाळवण्याइतकेही ऊन मिळाले नाही. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे घटस्थापना ११ ऑक्टोबरला आणि दसरा २० ऑक्टोबरला येतो, म्हणजे पाऊस ओसरण्याची आणि कपाट काढण्याची वेळ बऱ्यापैकी जुळते. ज्या वर्षी नवरात्र सप्टेंबरात येते, त्या वर्षी सुती कपडे आणि पांघरुणे तेवढी दसऱ्यापूर्वी धुवावीत आणि रेशमी कपड्यांचे काम कोजागिरीनंतरच्या कोरड्या हवेसाठी राखून ठेवावे. दमट हवेत उघडलेली रेशमी साडी पुन्हा घडी घालून आत ठेवणे म्हणजे ओल स्वतःच्या हाताने कोंडणे आहे.

पहिला दिवस: कपाट पूर्ण रिकामे करणे

अर्धे कपाट आवरण्याला काही अर्थ नसतो. एक कोरडा, उन्हाचा दिवस निवडावा, सकाळी दहाच्या सुमारास पलंगावर स्वच्छ चादर अंथरावी आणि खालच्या कप्प्यापासून वरच्या कप्प्यापर्यंत सगळे कपडे त्यावर काढावेत. लॉकरमधील साड्या, बॅगेत ठेवलेले परकर, पिशवीत कोंबलेले ब्लाऊज आणि ओढण्या हे सगळे त्यात आले पाहिजे. आपल्या घरांतील लोखंडी कपाट बहुधा भिंतीला चिकटून उभे असते, आणि ती भिंत जर पावसाच्या माऱ्याची असेल तर मागचा पत्रा थंड राहून आतल्या हवेतील ओल त्यावर धरते. म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून घ्यावे, आतून कोरड्या फडक्याने आणि मग किंचित ओल्या फडक्याने पुसावे, गंजाचे ठिपके असतील तर पॉलिश पेपरने घासून काढावेत, आणि दारे निदान एक पूर्ण दिवस सताड उघडी ठेवावीत. कपाटात अंथरलेला जुना कागद टाकून द्यावा. कसर नावाचा चंदेरी किडा कागद आणि खळ दोन्हींवर जगतो, आणि त्याची वस्ती बहुतेक वेळा त्या कागदाखालीच सापडते.

कपडे काढताना चार ढीग करावेत: जसे आहेत तसे वापरता येतील असे, दुरुस्तीचे, धुवायचे किंवा ड्रायक्लीनला द्यायचे, आणि घराबाहेर जायचे. मला विचाराल तर चौथ्या ढिगाचा निर्णय त्याच दिवशी घेऊ नये. गेल्या दोन दसऱ्यांत एकदाही अंगाला न लागलेला कपडा बाजूला ठेवावा आणि दिवाळीपर्यंत त्याची आठवण झाली नाही तर द्यावा. मऊ झालेल्या सुती साड्या बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेण्यापेक्षा वाकळेसाठी ठेवाव्यात, कारण चांगली वाकळ जुन्या सुती साड्यांचीच होते आणि सिंथेटिक साडीची वाकळ अंगावरून घसरते, घाम टिपत नाही. जुन्या काळी तर मधोमध विरलेले लुगडे फाडून, विरलेला भाग काढून, दोन्ही बाजू जोडून दंड घालत असत आणि ते आणखी वर्षभर नेसत असत. आता तेवढे कोणी करणार नाही, पण काठ धड असलेल्या विरलेल्या साडीपासून कुर्ता किंवा लेकीचा परकर अजूनही उत्तम शिवून होतो.

बुरशी, कसर आणि डाग यांत फरक करावा

पावसाळ्यानंतर कपड्यांवर दिसणारे तीन प्रकारचे दोष वेगवेगळे असतात आणि त्यांवर उपायही वेगळा असतो. पांढुरकी किंवा काळपट, पावडरीसारखी आणि कुबट वासाची असते ती बुरशी. असा कपडा घरात झटकू नये. अंगणात किंवा गच्चीवर नेऊन, नाकाला रुमाल बांधून, मऊ कोरड्या ब्रशने बुरशी झाडावी आणि मगच धुवावा. सुती रंगीत कपड्यासाठी एक भाग पांढरे व्हिनेगर आणि तीन भाग पाणी घेऊन त्यात अर्धा तास भिजवून नंतर नेहमीप्रमाणे धुतल्यास वास जातो, पण आधी आतल्या शिवणीवर थोडेसे लावून रंग सुटत नाही ना, हे पाहून घ्यावे. पांढऱ्या सुती कपड्याला ब्लीच चालते. रेशमाला आणि लोकरीला मात्र क्लोरिनचे ब्लीच कधीही लावू नये. हे दोन्ही धागे प्रथिनाचे असतात आणि ब्लीच त्यांना अक्षरशः खाऊन टाकते.

लहान, अनियमित भोके किंवा खरवडल्यासारखा भाग दिसला तर ते किड्याचे काम समजावे. कसर खळीच्या, स्टार्चच्या कपड्यांवर येते, म्हणून ठेवणीतली सुती साडी कधीही खळ देऊन ठेवू नये. नेसण्याच्या आदल्या दिवशी खळ द्यावी. शाल आणि स्वेटरला लागणारी अळी वेगळी असते आणि तिला लोकर व रेशीम आवडते, त्यातही घामाचे आणि तेलाचे डाग असलेला भाग अधिक. लोकरी शाल पोखरली जात असेल तर ती घट्ट बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडे ठेवावी आणि पिशवी पूर्ण खोलीच्या तापमानावर आल्यावरच उघडावी. असे केल्याने अळ्या मरतात आणि कोणतेही औषध लागत नाही. जरीच्या कपड्याला मात्र हा उपाय करू नये.

मराठवाड्यातील बोअरच्या पाण्याविषयीही येथेच सांगणे योग्य. क्षारयुक्त पाण्यात अंगाच्या किंवा धुण्याच्या जुन्या साबणाचा फेस होत नाही, उलट त्याचा पांढरट थर कपड्यावर बसतो, आणि पांढरे परकर, ब्लाऊजची अस्तरे दोन-तीन वर्षांत राखाडी दिसू लागतात. अशा पाण्यात डिटर्जंट पावडर किंवा द्रव वापरावा, आणि शेवटच्या खळबळणीच्या बादलीत अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर टाकावे. पावसाचे पाणी साठवलेले असेल तर ते चांगल्या सुती साड्यांसाठी राखून ठेवावे.

ऊन कोणाला आणि सावली कोणाला

सुती कपडे आणि गोधड्या कडक उन्हात, उलट्या करून वाळवाव्यात. रेशमी, जरीच्या आणि गडद रंगाच्या कपड्यांना मात्र थेट ऊन देऊ नये. खिडकीतून वारा येणाऱ्या खोलीत दोरीवर सुती पंचा टाकून त्यावर साडी उलगडून तीन-चार तास पसरली की पुरे. आश्विनातले ऊन पावसाळ्यानंतर हवेहवेसे वाटते खरे, पण ते रंग फार लवकर उतरवते, आणि एका बाजूने उतरलेली साडी पुन्हा सारखी होत नाही.

ठेवणीतले रेशीम आणि पैठणी

या भागात मी थोडी जास्त सविस्तर लिहिणार आहे, कारण चूक मी स्वतः केलेली आहे. आईने मला दिलेली जांभळी पैठणी मी दुकानातून आली तशी प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये, आत दोन डांबरगोळ्या टाकून, कव्हरला रबर लावून सहा वर्षे लॉकरमध्ये ठेवली होती. भाचीच्या साखरपुड्याला ती काढली तेव्हा रबराच्या रेषेत काठाची जर काळवंडलेली होती, गोळ्यांचा वास तीन दिवस गेला नाही, आणि पदर उलगडताना घडीच्या रेषेवर ‘टर्र’ असा बारीक आवाज होऊन एक मोर बरोबर मानेतून चिरला. सहा वर्षांत मी घडी एकदाही बदलली नव्हती.

यात प्रत्येक गोष्टीचे कारण आहे. खरी जर चांदीची असते आणि चांदी गंधकाच्या संपर्कात आली की काळी पडते. रबरात गंधक असते. प्लॅस्टिकमध्ये ओल अडकते. घडी एकाच जागी वर्षानुवर्षे राहिली की रेशमाचा धागा तिथे वाकून वाकून ठिसूळ होतो आणि ताण आला की तुटतो. म्हणून पैठणी आणि कोणतीही रेशमी जरीची साडी जुन्या, धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत किंवा मऊ सुती कापडात गुंडाळावी. जर आतल्या बाजूला येईल अशी घडी घालावी, आणि वर्षातून निदान तीनदा घडी मोडून वेगळ्या रेषेवर पुन्हा घालावी. दसरा, संक्रांत आणि अक्षय तृतीया हे तीन दिवस त्यासाठी ठरवून टाकले की विसर पडत नाही. भारी पदराची साडी हँगरला टांगून ठेवू नये. जरीच्या वजनाने ताणा, म्हणजे उभे धागे, ओढला जातो. नेसून झाल्यावर घाम वाळेपर्यंत ती सावलीत पसरावी आणि अत्तर, बॉडी स्प्रे साडी नेसण्यापूर्वी अंगावर मारावा, जरीवर कधीच नाही. इस्त्री करताना साडी उलटी करून, वर सुती कापड ठेवून, कमी तापमानावर आणि वाफेशिवाय करावी.

डांबरगोळ्यांविषयी माझे मत कठोर आहे. त्या वापरायच्याच असतील तर कापडाच्या पुरचुंडीत बांधून कप्प्याच्या वरच्या कोपऱ्यात टांगाव्यात, कारण त्यांची वाफ हवेपेक्षा जड असून खाली उतरते, आणि कापडाला त्यांचा स्पर्श होऊ देऊ नये. पण ज्या घरात तान्हे बाळ आहे, तेथे त्या मुळीच ठेवू नयेत. काही बाळांमध्ये जन्मतः एका विकराची कमतरता असते आणि अशा बाळाला डांबरगोळ्यांतल्या कपड्यात गुंडाळले तर त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. बारशाला आजीची शाल कपाटातून काढून थेट बाळावर घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले. त्याऐवजी वेखंडाचे तुकडे, सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला आणि दहा-बारा लवंगा सुती पुरचुंडीत बांधून प्रत्येक कप्प्यात ठेवाव्यात आणि दर दसऱ्याला बदलाव्यात. यांचा परिणाम डांबरगोळ्यांइतका तीव्र नसतो. स्वच्छ धुतलेल्या, घाम नसलेल्या, कोरड्या कपड्यांसाठी मात्र तो पुरतो.

ब्लाऊज: खरी अडचण येथे असते

साड्या असतात, पण ब्लाऊज होत नाही. कपाट आवरणाऱ्या बहुतेक स्त्रियांना दुपारपर्यंत हा शोध लागतो. त्यामुळे ढीग करण्याच्या दिवशीच प्रत्येक साडीचे ब्लाऊज अंगात घालून पाहावे, नुसते अंगावर धरून नव्हे, आणि हात वर करून, समोर वाकून पाहावे. जे घट्ट होतात ते उलटे करून बाजूच्या शिवणीतली माया पाहावी. चांगल्या शिंप्याने प्रत्येक बाजूला निदान एक इंच माया सोडलेली असते, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून छातीचा घेर दोन-तीन इंचांनी वाढवता येतो. बाजूची शिवण उसवण्यापूर्वी हे लक्षात ठेवावे की दुसरी शिवण जिथे येणार तिथे कापडाचा मूळ गडद रंग दिसेल आणि जुन्या शिवणीची रेषा उमटून राहील. म्हणून ती बाहीच्या खाली, मुंढ्यापासून कमरेपर्यंतच येईल असे सांगावे. मुंढा तंग असेल तर काखेत लहानशी त्रिकोणी पट्टी घालून घेता येते. खांदा उतरत असेल किंवा गळा मोठा झाला असेल तर मात्र दुरुस्तीवर पैसे घालवू नयेत. ते ब्लाऊज आपल्यापेक्षा मोठ्या चणीच्या भाचीला किंवा बहिणीला द्यावे.

नवे ब्लाऊज शिवायला देताना एक गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते. साडीबरोबर येणारे ब्लाऊजचे कापड साधारण ८० सेंटिमीटर असते, आणि त्यावर नंतर सुती अस्तर लागते. ते अस्तर आधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच द्यावे. अन्यथा पहिल्या धुण्यात अस्तर आटते, वरचे कापड तसेच राहते, आणि पाठीवर सुरकुत्या पडतात. माप देताना दुपारच्या जेवणानंतर द्यावे, आणि जुने नीट बसणारे ब्लाऊज सोबत न्यावे, कारण तोंडी सांगितलेल्या मापापेक्षा शिंप्याला ते जास्त कळते. गळ्याची खोली आणि बाहीची लांबी स्वतः इंचात सांगावी. ‘नेहमीसारखी’ असे सांगितले की प्रत्येक वेळी वेगळीच निघते.

वेळेचा हिशेब कडक ठेवावा. दिवाळीच्या आधी शिवणकाम करणारे महिनाभर आधीच ‘आता नवे घेत नाही’ म्हणतात. मी एकदा घटस्थापनेनंतर तीन ब्लाऊज घेऊन गेले तेव्हा शिवणाऱ्या ताईंनी मशीनवरून मान न उचलता सांगितले, “ताई, आता भाऊबीज झाल्यावरच बघा.” त्यांचे बरोबर होते. त्यांच्या खुर्चीमागे भिंतीला लागून पिशव्यांची रांग होती आणि प्रत्येक पिशवीवर नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी टाचलेली होती. फॉल-पिको आणि हुक बदलण्याची कामे पितृपक्षात द्यावीत. त्या पंधरवड्यात खरेदी आणि नवे शिवणे टाळण्याची पद्धत असल्याने शिंप्यांकडे कामाची गर्दी कमी असते, आणि दुरुस्ती ही नवी खरेदी नसल्याने त्याला कोणाची हरकत नसते.

नवरात्राचे नऊ रंग कमीत कमी खर्चात

नऊ रंगांची प्रथा आता गावागावांत पोहोचली आहे. शाळा, बँका, पंचायत समितीची कार्यालये, अंगणवाड्या सगळीकडे ती पाळली जाते. तिला शास्त्राचा आधार नाही. रंग वारानुसार ठरतात: रविवारी केशरी, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा, आणि उरलेल्या दोन दिवसांना जांभळा, मोरपंखी किंवा गुलाबी. म्हणजे घटस्थापना कोणत्या वारी आहे हे कळले की यादी जवळजवळ घरीच करता येते. २०२६ मध्ये ती रविवारी आहे, तेव्हा सुरुवात केशरीपासून होईल. हा हिशेब वर्षाच्या सुरुवातीलाच लागतो, आणि त्यामुळे उणीव असलेला रंग उन्हाळ्याच्या सेलमध्येही घेता येतो.

नऊ साड्यांची गरज मात्र नसते. पांढऱ्या, करड्या आणि काळ्या अशा तीन साध्या सुती साड्यांवर रंगीत ब्लाऊज घातले तर चार-पाच दिवस निघतात. सलवार-कुर्ता वापरणाऱ्या स्त्रियांनी एक पांढरा आणि एक मोतिया रंगाचा साधा कुर्ता घ्यावा आणि रंग ओढणीत ठेवावा. केशरी आणि पिवळ्याचे काम बहुतेक वेळा एकाच ओढणीवर भागते, आणि कोणी बारकाईने तपासत नाही. करडा हाच एक रंग बहुतेकींकडे नसतो, म्हणून त्या दिवशी बाजारात एकाच छापाच्या साड्यांची गर्दी दिसते. त्याऐवजी जुन्या काळ्या-पांढऱ्या चौकड्याच्या सुती साडीवर भागवावे.

तुळजापूर किंवा माहूरला पायी जाणाऱ्यांनी वेगळी पिशवी भरावी. तुळजापूरला कोजागिरीच्या आधी पायी जाणाऱ्यांची मोठी गर्दी असते, आणि रस्त्यावर दुपारी घाम, पहाटे गारवा असा खेळ चालतो. त्यासाठी सुती सैल सलवार-कुर्ता, पुढे खिसा असलेला, आणि पहाटे पांघरायला एक पातळ सुती चादर घ्यावी. नवी साडी किंवा नवी चप्पल घालून कधीही पायी निघू नये.

उकाड्यासाठी रोजचे कपडे

ऑक्टोबरच्या उकाड्यात जॉर्जेट आणि पॉलिएस्टर क्रेप अंगाला चिकटतात, आणि त्यातच कामावर जाणाऱ्या स्त्रियांनी एसटीतून तासभर प्रवास केला की काखेत घामोळ्या उठतात. या दीड महिन्यासाठी सुती, खादी आणि हलके लिनन हेच कपडे पुढच्या कप्प्यात ठेवावेत. खादी मराठवाड्यातच मिळते. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वजाच्या खादीसाठी ओळखली जाते, आणि तेथील साधी हातविणीची खादी कुर्त्यासाठीही घेता येते. नवी खादी आणि नवे सुती कापड शिवण्यापूर्वी भिजवून घ्यावे. ती आटतेच. रेयॉनचे कपडे दिसायला सुतीसारखे आणि स्वस्त असतात, पण ते ओले असताना कमकुवत होतात, म्हणून धुताना पिळू नयेत.

शेतात जाणाऱ्या स्त्रियांसाठी हा कापूस वेचणीचा आणि सोयाबीन काढणीचा काळ असतो, आणि त्यांच्या कपड्यांचा विचार अशा लेखांत क्वचितच होतो. वेचणीच्या वेळी साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालण्याची पद्धत उत्तम आहे. पण तो शर्ट सुती असावा, बाह्यांची बटणे शाबूत असावीत आणि तो फिकट रंगाचा असावा, म्हणजे पाठीवर ऊन तापत नाही. या शर्टांना दसऱ्याच्या धुण्यातच बटणे टाकून घ्यावीत आणि कोपरावर आतून ठिगळ लावून घ्यावे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत निघण्यापूर्वीच्या गाठोड्यात स्वेटर आणि जाड चादरी सगळ्यांत वर ठेवाव्यात, कारण कारखान्याच्या मुक्कामी पहिल्याच रात्री त्यांची गरज पडते.

दिवाळीत पहाटेच्या अभ्यंगस्नानानंतर नवी रेशमी साडी नेसून अंगण, पणत्या, फटाके असा वावर होतो. फटाक्यांजवळ नायलॉन किंवा पॉलिएस्टरची मोकळी ओढणी ठेवू नये. सुती कापडही पेटते, पण सिंथेटिक वितळून कातडीला चिकटते आणि भाजणे खोलवर जाते. तेवढ्या तासाभरासाठी पदर खोचून घ्यावा.

आता खरेदी

इथपर्यंत आल्यावर उणिवांची यादी बहुधा दहा ओळींच्या आत येते. कोणती साडी कोणत्या ब्लाऊजवर आणि कोणत्या परकरावर जाईल, हे दुकानात जाण्यापूर्वी कागदावर लिहावे. परकराचा रंग चुकला की पातळ सुती साडीचा सगळा डौल जातो, आणि परकरावर खर्च करायला बहुतेकींना जिवावर येते.

रेशमी साडी घेताना सिल्क मार्कचे लेबल पाहावे. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये सुरू झालेले हे चिन्ह धागा शुद्ध रेशमाचा आहे एवढेच सांगते. साडी हातमागाची आहे की नाही किंवा जर खरी आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. दुकानदाराने परवानगी दिली तर किनारीतला एक सुटा धागा काढून जाळून पाहावा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. जर चिमटीत घासून पाहावी. प्लॅस्टिकची जर सोलली जाते, तांब्याची असेल तर आत तांबूस दिसते.

पैठणी घ्यायची असेल तर ती उलटी करून पाहण्याची सवय लावावी. हातमागावरील पैठणीचा पदर आणि काठ दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो, कारण रंगीत धागे एकमेकांत अडकवत प्रत्येक ओळ हाताने भरलेली असते. यंत्रावरील पदराच्या मागे मोकळे, कापलेले धागे दिसतात. पैठण हे सातवाहनांच्या प्रतिष्ठानापासूनचे गाव, आणि तेथील विणकरांसमोर बसून मोर, मुनिया, आसावली, बांगडी मोर या नक्ष्या विणताना पाहता येतात. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले. यंत्रावरची सेमी पैठणी घेणे काही वाईट नाही, सणासमारंभाला ती शोभते आणि काळजीही कमी लागते. फक्त तिचे पैसे हातमागाचे देऊ नयेत.

नव्या साडीची घडी मोडायला वहिनीला किंवा मैत्रिणीला देण्याची आपली जुनी रीत आहे. तिचा एक व्यावहारिक फायदाही आहे. साडी दुसऱ्याच्या अंगावर पाहिली की रंग आपल्याला खरेच आवडला का, हे कळते.

छत्रपती संभाजीनगरचा हिमरू हा गारव्यासाठीचा दुसरा स्थानिक पर्याय. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा ही कला येथे आली असे सांगतात. त्यात ताणा सुती आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, रेशमी असतो, त्यामुळे हिमरू शाल मऊ, हलकी आणि पहाटेच्या थंडीला पुरेशी उबदार असते. तिच्या मागच्या बाजूला मोकळे तरंगते धागे असतात आणि ते बांगडीत किंवा अंगठीत अडकून ओढले जातात, म्हणून ती पांघरताना सुलट बाजू बाहेर ठेवून मागच्या बाजूला पातळ सुती अस्तर लावून घ्यावे. धागा ओढला गेलाच तर कापू नये, सुईने आतल्या बाजूला खेचून बसवावा.

शेवटी थंडीचा कप्पा

स्वेटर आणि शाली थंडी पडल्यावर काढल्या तर पहिले तीन दिवस त्यांचा कुबट वास सोसावा लागतो. दिवाळी झाल्यावर, कार्तिक पौर्णिमेच्या आसपास एक दुपार त्यांच्यासाठी काढावी. लोकरी स्वेटर थंड पाण्यात, केस धुण्याच्या सौम्य शाम्पूने, न चोळता धुवावा, जाड पंच्यात गुंडाळून पाणी दाबून काढावे आणि पसरून वाळवावा. टांगल्यास तो पाण्याच्या वजनाने लांबतो. अंबाजोगाईला योगेश्वरीच्या मार्गशीर्षातील उत्सवाला जाणाऱ्यांना पहाटेच्या दर्शनाच्या रांगेत शाल लागतेच, आणि रेशमी साडीवर ती घालायची असेल तर तिच्या रंगाची निवड आत्ताच करून ठेवावी. गडद मरून किंवा साधी काळी अशी एकच शाल बहुतेक सगळ्या पैठण्यांवर चालते.

या सगळ्यातून उरलेला एक कागद असतो, ज्यावर कोणते ब्लाऊज कोणाकडे शिवायला दिले आहे, कोणती साडी ड्रायक्लीनला आहे आणि कोणत्या रेशमी साडीची घडी कधी बदलली हे लिहिलेले असते. तो कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, आरशाच्या खाली चिकटवावा आणि सोबत दोऱ्याने एक पेन्सिल बांधून ठेवावी.